आमची खोली, दहा बाय बारा

माझे बाबा घडी घालून ठेवल्यासारखे झोपत. एका कुशीवर, दोन्ही हात छातीशी, गुडघे बेताने दुमडलेले. वर्षातून एकदा, वैशाखात, ते मुंबईहून महिनाभरासाठी घरी येत. दुपारचं जेवण झालं की ओटीवर चटई टाकून आडवे होत, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांना बघायला बसत असू. आमची ओटी काही लहान नव्हती. लग्नकार्यात तिथे वीस माणसांची पंगत बसायची. पण बाबा भिंतीलगत झोपत, आणि तेही अर्ध्याच चटईवर. उरलेली अर्धी कोणासाठी राखून ठेवलीय, असं मी एकदा विचारलंसुद्धा होतं. बाबा नुसते हसले.

एका वर्षी आम्ही त्यावर पैज लावली. बाबांना झोप लागली की त्यांच्या दोन्ही बाजूंनी, अंगापासून चार बोटांवर, काजूच्या बिया रांगेने मांडायच्या. बाबा उठेपर्यंत एक जरी बी हलली तर सगळ्या बिया माझ्या, नाही हलली तर सगळ्या भावाच्या. दोन तास आम्ही श्वास रोखून बसलो. बाबा उठले, बिया बघून गोंधळले, आणि एकीलाही धक्का न लावता मधून अलगद बाहेर आले. हरणं मला आजवर कधी जमलेलं नाही, त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पैज लावली, तिसऱ्या दिवशीही. वैशाख संपेपर्यंत त्या चार-पाच वर्षांच्या पोराकडे एक अख्खी टोपली भरून बिया झाल्या आणि माझ्याकडे नुसता राग उरला.

काकी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्याच घराच्या दुसऱ्या अंगाला राहायची. काका वारल्यापासून तिला बोलायला माणसं कमी पडत, त्यामुळे ती झोपलेल्या माणसांबद्दलही बोलायची. बाबांकडे बघून ती म्हणायची, "ह्यो निजलो तरी रांगेत उभो आसल्यासारखो दिसता." आम्हाला ते फार पटायचं.

आमचं गाव कुणकेश्वराच्या अलीकडे, खाडीला लागून. घरटी एक माणूस मुंबईत, आणि बाकीचे मिसरूड फुटायची वाट बघत बसलेले. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, कायमचे रात्रपाळीला. आमच्याशी त्यांचा संबंध मनीऑर्डर, पत्र आणि वैशाख एवढाच. त्यांची पत्रं मी वाचून दाखवायची, कारण आई दुसरीपर्यंतच शिकलेली आणि तीही विसरलेली. घरी मालवणीत बोलणारे बाबा पत्रात मात्र एकदम हापिसातले होत. 'आपण सर्व कुशल असाल अशी आशा बाळगतो' असं काहीतरी लिहीत. आई ते ऐकून मला विचारायची, हे पत्र नक्की त्यांचंच ना, की दुसऱ्या कोणाचं चुकून आपल्याकडे आलं.

आईला मुंबईला बिऱ्हाड करायचं होतं. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातले नवऱ्याबरोबर राहिलेले महिनेही बरोब्बर अकरा. आमच्या वाडीतल्या सगळ्या बायकांचं असंच होतं, पण त्यांनी ते मोजलं नव्हतं. आईने मोजलं, आणि तिथून घोटाळा सुरू झाला. दर वैशाखात ती विषय काढायची, आणि दर वैशाखात बाबा म्हणायचे, परवडत नाही. का परवडत नाही हे ते सांगत नसत. आईचं म्हणणं, मुंबईत एवढी माणसं राहतात ती काय वारा खाऊन राहतात? त्यावर बाबा माडांवर चढायला माणूस कधी येणार ते विचारायचे.

आणे जाऊन नवे पैसे यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शिमग्याच्या सुमाराला आईने माझ्याकडून पत्र लिहून घेतलं आणि सरळ विचारलं, खोली आहे तरी केवढी? उत्तर आलं: 'आमची खोली दहा बाय बारा असून हवेशीर आहे. परंतु मुंबईत बिऱ्हाड करणे परवडणारे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे उत्तम.' ही म्हण आम्हाला शाळेत कल्पनाविस्ताराला होती, म्हणून मला बाबांचा अभिमान वाटला. आई मात्र म्हणीपाशी थांबलीच नाही. ती पहिल्या शब्दापाशी अडकली होती. तो शब्द तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. आमची. त्यांची एकट्याची नव्हे, मालकाची नव्हे, आमची. इतकी वर्षं मुंबईत आपली खोली आहे आणि आपल्याला कोणी बोललं नाही, असं तिचं झालं. हवेशीर हा शब्द तर तिने शेजारणींना आपणहून ऐकवला.

दुसऱ्याच दिवशी ती चुन्याची टोपली घेऊन खळ्यात उतरली. खळं म्हणजे आमच्या घरापुढचं सारवलेलं अंगण. उन्हाळ्यात त्यावर माडाच्या झापांचा माटव घातलेला असतो, त्यामुळे भर दुपारीही सावली. आईने गुडघ्यावर बसून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात टेकवत टेकवत दहा हात मोजले, मग बारा हात मोजले, आणि चुन्याच्या चार रेघा ओढून मुंबईची खोली तयार केली. एका बाजूला मोकळी जागा सोडून तिथे दोन चिरे ठेवले. ते दार. पाडव्यापासून आठ दिवस आपण सगळ्यांनी ह्याच्यात राहायचं, असं तिने जाहीर केलं. बाबा म्हणतात परवडत नाही, आपण राहूनच दाखवू.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्याकडे कापड, वाफा, माटव, विहिरीची खोली, सगळं हातावर मोजत. फूट ही शाळेतली भानगड होती. आणि मी शाळेत जात होते, चौथीत होते, माझ्या दप्तरात लाकडी फूटपट्टी होती. दोन दिवसांनी कोणी नसताना मी त्या पट्टीने आईची मुंबई मोजली. ती पंधरा बाय अठरा भरली. दहा बाय बारा हे फुटांचं असतं हे मला कळलं, आणि मी पट्टी दप्तरात घालून गप्प बसले. मला मुंबईला जायचं होतं. तिथे घोड्याच्या गाड्या आहेत असं मी ऐकून होते. घोडा बघण्यासाठी माणूस काय काय करतो.

पाडव्याला आम्ही राहायला गेलो. मागे एवढं मोठं घर उघडं होतं, पण आम्हाला बंद. आईने कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली, एक ट्रंक आणली, दोन चटया आणल्या. पाणी पहाटे एकदाच भरायचं, दोन घागरी आणि एक हंडा. त्यानंतर विहीर बंद, कारण मुंबईचा नळ जातो. परसातलं काही तोडायचं नाही. नारळ नाही, शेवगा नाही, कढीपत्त्याचं पानसुद्धा नाही. जे लागेल ते विकत घ्यायचं, चिंचोके देऊन. बाबांचा पगार त्यांनी कधी सांगितला नव्हता, पण मनीऑर्डर केवढी येते ते पोस्टमनच्या कृपेने सगळ्या वाडीला पाठ होतं. आईने त्यावर अंदाज बांधून चिंचोके मोजून घेतले.

दुकानदार काकी. तिने हे काम मागून घेतलं. तिचा भाऊ मुंबईत होता म्हणून तिथले भाव आपल्याला माहीत आहेत असा तिचा दावा होता. ती स्वतः मालवणच्या बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. आमच्याच माडाचा नारळ आमच्याच घराच्या पायरीवर बसून ती आम्हाला विकायची, आणि आदल्या दिवशी आईशी काही बिनसलं असेल तर दुसऱ्या दिवशी मुंबईत महागाई व्हायची. आई कुरकुरली की काकी म्हणायची, "मुंबयत सगळा इकत गो. पाणी तेवढा फुकट, पन ता येळार इला तर."

आमच्या खोलीला भिंती होत्या हे गावाला पटवणं कठीण गेलं. काकीच्या कोंबड्या सरळ भिंतीतून येत आणि चुलीपाशी फिरून दुसऱ्या भिंतीतून जात. भाऊ त्यांच्या मागे जाई. आई चुलीवरून नजर न काढता म्हणायची, "दारातसून ये रे. थंय भित आसा." तो परत मागे जाऊन, दोन चिऱ्यांमधून, तोंड वाकडं करून आत यायचा. मुंबई बघायला वाडीतल्या बायका येऊ लागल्या. आई त्यांना बाहेर उभं करून बोलायची. बसा म्हणायची नाही, कारण मुंबईत कोणी कोणाला बसा म्हणत नाही, असं तिने ठरवलं होतं. पोस्टमन तेवढा शहाणा. त्याने चिऱ्यावर टकटक केली, थांबला, आणि आई आली तेव्हा पत्र हातात दिलं. त्याला आईने चहा दिला. त्याचे चिंचोके पडले.

तरी पहिल्या खेपेला आमचं दिवाळं पाचव्या दिवशीच वाजलं. कारण मासे. खाडीवरून ताजे मुडदुशे आले आणि आईला राहवलं नाही. काकीने असा भाव लावला की जणू ते मुडदुशे तिने पाळून मोठे केले होते. आई चिडली, पण घेतले. जेवण झकास झालं आणि उरलेले तीन दिवस हवेवर काढायची वेळ आली. आम्ही हरून मोठ्या घरात परत गेलो, आणि काकीने तो आठवडा फार आनंदात घालवला.

आई माझ्यासारखीच. किंवा मी तिच्यासारखी. पुढच्या सोमवारी तिने पुन्हा रेघा ठळक केल्या. या खेपेला मासे बंद. कुळथाची पिठी आणि भात, भात आणि कुळथाची पिठी. मालवणी माणसाला मासे सोडायला सांगणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. भावाने दुसऱ्या दिवशी जेवायला नकार दिला, तिसऱ्या दिवशी रडला, चौथ्या दिवशी त्याने काकीकडे राहायला जायची तयारी केली. काकी मुद्दाम वाऱ्याच्या अंगाला बसून बांगडे भाजायची. वास आमच्या खोलीत यायचा. आई म्हणाली, बरं झालं, त्याच्यावर भात खा. त्यावरून मुंबईत वास फुकट असतो की विकत, ह्यावर दोघींचं भांडण जुंपलं आणि दोन दिवस अबोला झाला. दुकान मात्र चालू होतं. काकी न बोलता नारळ द्यायची आणि आई न बोलता चिंचोके.

आठव्या दिवशी आईच्या मुठीत सात चिंचोके शिल्लक होते. तिने ते सगळ्यांना दाखवले. मग मला बसवून पत्र लिहायला सांगितलं: आम्ही तुमच्या पगारात, तुमच्या खोलीत, आठ दिवस राहून बघितलं. परवडतं. पावसाच्या आधी शेवटच्या बोटीने आम्ही तुमच्याबरोबर येतो. हे लिहिताना दप्तरातली फूटपट्टी आठवली, पण घोड्याची गाडी डोळ्यापुढे होती. पत्राला उत्तर आलं नाही. आलं ते बाबाच, वैशाख लागल्यावर, देवगडला बोटीतून उतरून, डोक्यावर ट्रंक घेऊन.

सकाळची वेळ होती. आई त्यांच्या आधी दोन दिवसांपासून खोलीत राहायला गेली होती, म्हणजे बाबांना सगळं चालू स्थितीत दिसावं. बाबा खळ्याच्या कडेला थांबले. चुन्याच्या रेघा, चूल, दोन चिरे, आत बसलेली आई आणि आम्ही दोघं, सगळं त्यांनी बघितलं.

"ह्यां काय गो?"

"मुंबय," आई म्हणाली.

बाबांनी ट्रंक खाली ठेवली. चपला चिऱ्यांच्या बाहेर काढल्या आणि वाकून, जणू चौकट खाली आहे असे, दारातून आत आले. ते वाकलेले बघून आईचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत भिंतींवर विश्वास ठेवणारा पोस्टमननंतरचा तो दुसराच माणूस. तिने चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. पाणी, चिंचोके, पिठी, सात शिल्लक. काकीला साक्षीला बोलावलं. काकी पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "रवली खरी. पिठी खावन रवली, पन रवली."

बाबा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघत होते. मग त्यांना हसू फुटलं. चहा सांडला एवढे हसले. म्हणाले, एवढ्या खोलीत आमच्या गिरणीचा म्यानेजर राहतो. कोणी मोजली? आईने आपला हात पुढे केला, कोपरापासून बोटापर्यंत.

"हात न्हय गो," बाबा म्हणाले, "फूट."

आणि मी, मूर्ख, कोणी न सांगता धावत जाऊन दप्तरातून फूटपट्टी घेऊन आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पट्टी इतक्या लगेच कशी सापडली, इतके दिवस ती कुठे होती, हे सगळं आईच्या एका नजरेत होतं. आजवर कोणी मला मारलं, कोणी शिव्या दिल्या, त्यातलं फारसं लक्षात नाही. ती नजर आहे.

बाबांनी उरलेला चुना घेऊन आतल्या आत नवी खोली आखली. खरी दहा बाय बारा. चूल भिंतीबाहेर गेली. ट्रंक बाहेर गेली. भाऊ बसल्या जागीच रस्त्यावर आला. आई उभी राहून बघत होती. मग तिने पदर खोचला, नव्या खोलीत शिरली आणि हाताने जागा दाखवू लागली. चूल ह्या कोपऱ्यात, ट्रंक चुलीच्या वर फळी ठोकून, चटया इथपासून इथपर्यंत. तिने मान वर केली.

"चार माणसां मावतली."

"मावतली," काकी म्हणाली. आईची बाजू तिने घेतल्याचं मला आठवतं ते एवढंच एकदा.

आता बाबा पुन्हा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. चुना त्यांच्या हातातच होता. आई नव्या भिंतींमध्ये फिरून बघत होती, आणि एकदम थांबून तिने साधासाच प्रश्न केला, जसा घर बघायला आलेली बाई करते.

"तुमी खंय निजतास?"

बाबा खाली बसले. एका भिंतीपासून हातभर आणि वर थोडं, एवढं अंतर सोडून त्यांनी रेघ ओढली. तिला लागून तेवढ्याच अंतरावर दुसरी. मग तिसरी. ओढता ओढता ते सांगत होते, हा खालच्या वाडीतला, हा देवळाशेजारचा, हे खाडीपलीकडचे दोघे भाऊ. एका बाजूला सात पट्टे झाले. मग समोरच्या भिंतीला सात. डोकी भिंतीकडे, पाय मध्ये. मध्ये पाय एकमेकांत येतात म्हणून गुडघे दुमडायचे. चौदा पट्टे, आणि दिवसपाळीचे नि रात्रपाळीचे मिळून माणसं त्याहून पुष्कळ, कारण एक उठला की त्याच्या जागी दुसरा आडवा होतो. बाबांनी कोपऱ्यातल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. हा दिवसा त्यांचा. रात्री खालच्या वाडीतल्या माणसाचा. चादर बाबांची, उशी त्याची. शिवाय कपडे अडकवायला एक खिळा. खिळा मात्र स्वतःचा होता.

आईने रेघा मोजल्या. मग म्हणाली, "पत्रात 'आमची' असा लिवलेला."

"आमची म्हणजे गावची," बाबा म्हणाले. "आपली न्हय."

बायकांना तिथे येता येत नाही, असंही बाबांनी मग सांगितलं, दारापर्यंतसुद्धा नाही. भाऊ तेवढ्यात त्या कोपऱ्यातल्या पट्ट्यात जाऊन आडवा झाला. त्याला तो अगदी बेताचा होत होता. बाबांना गंमत वाटली, ते म्हणाले, बघ, मापाने शिवल्यासारखा. मी त्या दोन रेघांकडे बघत होते. मागच्या वैशाखात आम्ही ओटीवर काजूच्या बिया जिथे मांडत होतो, बरोबर तेवढ्या अंतरावर त्या होत्या. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना म्हणून मी भावाला तिथून ओढून उठवलं.

आई रडली नाही. ती उठून मोठ्या घरात गेली आणि तिने त्या दिवशी मासे केले, बांगड्याचं तिखलं, तळलेल्या तुकड्या, सगळं. काकीने काही भाव लावला नाही. दुसऱ्या दिवशी आईने खळं सारवून टाकलं. पण चुना सारवणाला दाद देत नाही. पावसाळ्यापर्यंत त्या रेघा शेणातून पुन्हा पुन्हा फिकट वर येत होत्या, आणि काकीच्या कोंबड्या त्यांच्यावरून ये-जा करत होत्या.

बिऱ्हाडाचा विषय त्यानंतर आईने काढला नाही. वाडीतल्या एक-दोघांनी पुढे बिऱ्हाड केलं, नाही असं नाही. त्यांच्याकडे घरचे चार आणि पोटभाडेकरू सहा अशी व्यवस्था होती असं ऐकलं. आईने वेगळाच उद्योग आरंभला. पूर्वी बाबांबरोबर ती पायलीभर उकडे तांदूळ आणि थोडी कोकमाची सोलं द्यायची. आता ती चौदा पट्ट्यांच्या मापाने द्यायला लागली. तांदूळ, कुळीथ, सोलं, सुके बांगडे, सुकट, नारळ. मुंबईला जाणारा कोणीही दिसला की त्याच्या डोक्यावर गोणी. कोकण मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगतं असं शिकलेली माणसं म्हणतात, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मनीऑर्डर येत होती, खरं आहे. पण त्या पगारात मुंबईत एक माणूस उभा राहत होता तो आमच्या उकड्या तांदळावर, आणि आडवा होत होता तो अर्ध्या दिवसापुरता. बाकीचा संसार त्याने इथे आमच्याकडे ठेवला होता, फुकट. मग गिरणीला परवडेल नाही तर काय.

मी पुढे कणकवलीकडे दिली गेले. घोड्याची गाडी बघितली ती लग्नानंतर, आणि त्या घोड्याची फासळी न् फासळी दिसत होती. साठ सालानंतर चार-पाच वर्षांनी बाबांची दृष्टी अधू झाली, साच्यावरचा धागा दिसेना, आणि ते कायमचे घरी आले. येताना ट्रंक आणली आणि तो खिळाही उपटून आणला. आईने तो ओटीवर ठोकून त्यांना दिला.

पण झोप तीच. एवढी ओटी, एवढं खळं, समोर खाडीपर्यंत मोकळं, आणि बाबा दुपारी भिंतीलगत, गुडघे दुमडून, अर्ध्या चटईवर. आता तर आईच त्यांना बघायला बसायची. ती दोन चटया जोडून अंथरायची. बाबा एकीच्या काठावर झोपायचे. तिने चटया भिंतीपासून काढून मधोमध टाकल्या, तर बाबांना झोपच लागेना. शेवटी ती लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली, पाय पसरा. बाबा शहाण्यासारखे पाय पसरायचे. डोळा लागला की पाय आपोआप वर यायचे. काकी म्हणाली, राहू दे, त्याच्या हाडांची सवय आहे. आई ऐकणारी नव्हती. हे कळायला मला माहेरी जावं लागायचं नाही, भाऊ पत्रात लिहायचा. दोन वर्षं हे चाललं होतं.

मग एका वैशाखात मी माहेरपणाला गेले. दुपारची पोहोचले. खळ्यात शिरले आणि थांबले. माटवाखाली, बरोब्बर मध्यभागी, बाबा उताणे झोपले होते. एक हात डोक्यावर, दुसरा पार चटईबाहेर, तोंड उघडं, घोरणं वाडीच्या टोकाला जाईल असं. एक पाय चटईवर होता आणि दुसरा लांब पसरून आईने वाळत घातलेल्या काजूच्या बियांमध्ये गेला होता. बिया सगळ्या विस्कटून खळंभर झाल्या होत्या. विहिरीकडे जायची वाट त्यांनी पूर्ण अडवली होती.

आई मागच्या दारातून सूप घेऊन आली. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. वाट अडलीय, बिया तुडवल्या जातायत, जरा सरकायला सांगू का, असं मी हळूच विचारलं.

"उठवू नको गो," आई म्हणाली. "निजांदेत. जागो आपलो आसा."

आणि ती त्यांना वळसा घालून, माडांच्या बाजूने लांबून, विहिरीकडे गेली. मी पिशवी खाली ठेवली आणि पदर पसरून बिया गोळा करायला बसले. पैजेप्रमाणे त्या माझ्या होत्या.